उथळ पाण्याची बाजू

सहावीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा आला होता, ‘हुशार, पण उथळ.’ बाबांनी तो मोठ्याने वाचला आणि आजीने लगेच ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ची फोडणी दिली. मराठीत खोल माणसाला जेवढा मान, तेवढाच उथळ माणसाचा पाणउतारा. ही तक्रार मी बरीच वर्षं मनात धरून बसलो होतो. समुद्राबद्दल थोडं वाचलं आणि माझी बाजू एकदम भक्कम झाली.

समुद्राची सरासरी खोली साधारण 3,700 मीटर. त्यात पाणी अगदी नितळ असलं, तरी वनस्पतींना जगण्यापुरता उजेड मिळतो तो वरच्या 200 मीटरपर्यंतच. म्हणजे 18 मजली इमारतीत फक्त गच्चीखालच्या मजल्यावर दिवा. स्वयंपाकघरही तिथेच. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे वनस्पती-प्लवक तिथे उन्हावर अन्न शिजवतात. पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ निम्मा समुद्रातल्या या मंडळींचा. प्लवकांवर तारली जगते, तारलीवर सुरमई आणि सुरमईवर आम्ही. खालच्या 17 मजल्यांना काय, तर वरून पडेल ते उष्टं-खरकटं: मेलेले प्लवक, माशांची विष्ठा, कुठल्या कुठल्या जिवांच्या काती. तळाशी उकळत्या झऱ्यांपाशी वेगळी चूल मांडलेले काही जीव आहेत म्हणा, पण बाकीची बिऱ्हाडं वरच्यांच्याच जिवावर. आणि नावं कोणाला ठेवायची, तर उथळाला!

आपल्या किनाऱ्याला 200 मीटरची चैन नाही. नद्यांचा गाळ, लाटांनी ढवळलेली रेती. पावसाळ्यात तर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःचे पाय दिसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मामेबहिणीच्या हट्टापायी मालवणला पाण्याखाली उतरलो. जेमतेम आठ मीटर. मी मासे बघत होतो आणि ही बाई दोन्ही हात माझ्या काचेसमोर धरून डोळे विस्फारतेय. तोंडात नळी, त्यामुळे बोलणं बंद. मला वाटलं, काही चावलं. नीट बघितलं तर सकाळी लावलेलं लालभडक नेलपॉलिश काळपट चॉकलेटी झालेलं. वर आल्यावर पहिलं वाक्य, “तीनशे रुपये गेले रे!” आणि बोटं उन्हात धरली तर रंग जिथल्या तिथे. पाणी उजेडातला लाल आधी गिळतं, मग नारिंगी, पिवळा. लाल किरण खाली पोचतच नाहीत, तर लाल दिसणार कसा? निळा मात्र स्वच्छ पाण्यात सगळ्यांत खोल जातो. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं नुसतं प्रतिबिंब, हे सी. व्ही. रामन यांना पटलं नव्हतं. 1921 साली इंग्लंडहून परतताना त्यांनी बोटीच्या डेकवरून एका प्रिझममधून समुद्र न्याहाळला, पृष्ठभागावरची आकाशाची झळाळी वगळली, तरी पाणी निळंच.

हा उजेड किती खोल जातो, ते मोजायची युक्ती मात्र कोणाच्याही घरात सापडेल अशी आहे. 1865 मध्ये आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने (मूळचा खगोलशास्त्रज्ञ!) पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या भूमध्य समुद्रात सोडल्या. तबकडी जिथे दिसेनाशी होते, ती खोली मोजायची. प्लवकांचं स्वयंपाकघर त्याच्या साधारण दोन-अडीच पट खोलीपर्यंत चालू असतं. तळ्यांचं पाणी तपासायला आजही अशीच तबकडी वापरतात.

हे वाचल्यावर स्वस्थ कोण बसणार? दिवाळीत देवगडच्या घरी आजीची इनॅमलची पांढरी थाळी उचलली, खिळ्याने तीन भोकं पाडली, खाली दगड बांधला आणि वर हात-हातभर अंतरावर गाठी मारलेला सुंभ. विहीर जांभ्याची, चार पुरुष खोल. पावसाने भरलेली, पाण्यावर हिरवट झाक. थाळी खाली गेली, पांढरी होती ती पोपटी झाली, मग नुसता एक डाग, आणि सहाव्या गाठीला तोही गेला. खात्री करायला पुन्हा वर ओढली, पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला सुंभ हलका लागला. वर आला तो नुसता सुंभ.

“माजी थाळी खंय रे?” संध्याकाळी आजीने विचारलं. मी संशोधन असं काहीतरी पुटपुटलो.

दक्षिण कोकणात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि एरवी भिंतींवरच अडणारं ऊन थेट विहिरीच्या तळाशी उतरतं. यंदा त्या दिवसांत मी घरीच होतो. पाणी पुरुषभरच उरलेलं, नितळ. साडेबाराच्या सुमारास आजीने मला काठावर बोलावलं. तळाशी एक गंजकी बादली, रहाटाची तुटकी कडी, आणि मधोमध लखलखत थाळी, तिच्या निळ्या काठासकट. तिच्यावरून एक बारकासा मासा सावली टाकत गेला. दहाएक मिनिटांत ऊन भिंतीवर चढलं आणि सगळं पुन्हा काळं झालं.