आमची वाटचाल : ११ क्रमांकाचं डोकं

चित्रपटांतल्या नटांसाठी खोटे चेहरे बनवणाऱ्या आमच्या कार्यशाळेच्या मागच्या खोलीत फळ्यांवर ३९ डोकी मांडलेली आहेत, नटांच्या चेहऱ्यांचे ठसे घेऊन केलेली. सगळी प्लास्टरची, सगळ्यांचे डोळे मिटलेले, प्रत्येकाच्या मानेमागे खिळ्याने कोरलेला क्रमांक. कर्जासाठी पाहणीला आलेल्या बँकेच्या माणसाने यंत्रं मोजली, कॉम्प्रेसर मोजला, एअरब्रशसुद्धा मोजला. डोकी मात्र धरली नाहीत. माझ्या लेखी धंद्याची खरी पुंजी तीच आहे. त्यातलं ११ क्रमांकाचं डोकं एका ज्येष्ठ नटाचं. सेटवर त्यांना सगळे काका म्हणत, मीही तेच म्हणतो.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. भागीदाराचा हात क्लेमध्ये, म्हणजे आकार घडवायच्या मातीत, विलक्षण चाले. तो सुरकुती कोरायचा ती त्वचेच्या आतून आल्यासारखी दिसायची. साचे, ओतकाम, कडा बसवणं ही माझी बाजू. मोठ्या बॅनरचं काम मिळण्याची शक्यताच नव्हती, म्हणून स्वतंत्र भयपट करणाऱ्यांकडे गेलो. त्यांच्याकडे पैसा कमी असतो आणि भूत मात्र जवळून दाखवायचं असतं. तिथेच आम्हाला आमच्या दिग्दर्शक मॅडम भेटल्या. आजपर्यंत त्यांचे पाच चित्रपट आम्ही केले. पैसे उशिरा आले असतील, पण बुडाले नाहीत, आणि श्रेयनामावलीत आमचं नाव कधी गाळलं गेलं नाही. या धंद्यात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ आहे.

त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात काकांना मेलेल्या बापाची भूमिका होती. त्यांच्या चेहऱ्यावर चिकटवायचे सिलिकॉनचे सात तुकडे ठरले. एकसंध मुखवट्याऐवजी एकमेकांवर चढणारे सुटे तुकडे लावायची पद्धत अमेरिकी रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी रुळवली. तिच्यामुळेच नटाचा चेहरा रबराखाली मरत नाही, म्हणून आम्ही ती कधी सोडली नाही.

ठसा घेताना काकांना त्रास झाला. अल्जिनेट, म्हणजे ठसा घेण्याची घट्ट होत जाणारी लगदी, डोळ्यांवरून खाली आलं, वर प्लास्टरच्या पट्ट्या बसल्या, फक्त नाकपुड्या उघड्या. त्यांची छाती जोरात हलायला लागली. आमच्याकडे नियम आहे : नटाचा एक हात आमच्यातल्या कोणाच्या तरी हातात असतो. दोनदा दाबला की ठसा फुकट गेला तरी चालेल, सगळं ताबडतोब उतरवायचं. काकांनी एकदाच दाबला आणि मग सोडला. नंतर ते म्हणाले, "आत फक्त माझा श्वास ऐकू येत होता, एवढा मोठा की दुसऱ्याच कोणाचा तरी वाटावा." त्यावरूनच त्यांनी बाप बसवला. प्रत्येक वाक्याआधी हा मेलेला माणूस आठवून आठवून श्वास घेतो. पटकथेत यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

शूटिंगला तीन दिवस उरले होते आणि आमचे तुकडे चिकट निघाले. सात पैकी चार. बोट लावलं की सिलिकॉन मधासारखं ओढलं जायचं. प्लॅटिनम सिलिकॉनला गंधक लागलं की ते घट्टच होत नाही. हे वैर या कामातल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी घात झाला. भागीदाराने त्या वेळी नवीन क्ले आणली होती, तिच्यात गंधक होतं. साचा काढल्यावर तो नीट धुतला गेला नाही आणि मी चाचणी न घेता थेट ओतलं. चूक दोघांची. पण त्या रात्री आम्ही एकमेकांना जे बोललो ते त्यापुढे कधी पुसलं गेलं नाही. पुन्हा ओतायला सामान नव्हतं, उधारी आधीच थकलेली होती. निर्मात्याने दुसऱ्या, मोठ्या कार्यशाळेला फोन केल्याचंही कानावर आलं.

(नवीन मुलांना सांगतो : क्लेचा डबा बदलला की अंगठ्याएवढं सिलिकॉन आधी ओतून बघा. लेटेक्सचे हातमोजे कार्यशाळेत आणूच नका, त्यांनीही तेच होतं. आणि अल्जिनेट मिसळताना पाणी कोमट घेऊन घाई करू नका. नाकापर्यंत पोचण्याआधीच वाडग्यात घट्ट होईल.)

काका सकाळी आले. मी काही लपवलं नाही. कपाळ, हनुवटी आणि नाक एवढंच हाताशी होतं. दोन्ही गाल, मान आणि पापण्या गेल्या होत्या. ठशाच्या दिवशी त्यांचं मन रमवायला मी १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफची गोष्ट सांगितली होती. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास त्यांच्या चेहऱ्यावर राबायचे, पण गालातला तो खड्डा कार्लोफनी स्वतः दिला होता, खोट्या दातांचा ब्रिज काढून ठेवून. काकांनी ती गोष्ट लक्षात ठेवली होती. त्यांनी डाव्या बाजूची अर्धी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि आरशाकडे वळले. गाल आत गेला, तोंड एका बाजूला कललं, 'स' नीट उमटेना.

मी त्या गालाला फक्त सावली दिली. उजव्या गालाला आणि पापण्यांना पातळ लेटेक्सच्या सुरकुत्या पाडल्या, मान मॅडमनी अंधारात ठेवली. तीन तुकड्यांचा तो चेहरा सातपेक्षा भयानक झाला. मला आजही वाटतं की तो आमच्या हातून झालेला सगळ्यात चांगला चेहरा आहे, आणि त्यातला अर्धा काकांचा आहे.

त्याच चित्रपटात मुलीची भूमिका करणाऱ्या नटीला मॅडमनी पहिल्या टेकपर्यंत बापाचा चेहरा पाहू दिला नाही. खरी भीती मिळेल, असा हिशोब होता. ती दचकली, किंचाळली, पण पडद्यावर ठेवला तो चौथा टेक. तिने मला नंतर सांगितलं, "दादा, पहिल्यांदा मी एका मुखवट्याला घाबरले. मला वडिलांना घाबरायचं होतं." दुसऱ्या टेकपूर्वी ती काकांसमोर पंधरा मिनिटं बसली, त्यांच्या कपाळाची कड बोटाने चाचपली आणि मग तिला ते जमलं. तेव्हापासून नटांना फसवून घाबरवण्याच्या मी विरोधात आहे. दिवसभर भूत समजून रिकाम्या भिंतीवरच्या चिकटपट्टीकडे बघून थरथरणारी माणसं आहेत ही. त्यांना आणखी फसवायची गरज नसते. आणि किंकाळ्यांचे शॉट दिवसाच्या शेवटी लावा, गळा बसला की संवाद गेले.

चित्रपट संपला आणि महिन्याभरात भागीदार त्या मोठ्या कार्यशाळेत गेला. जाण्याचं दुःख मी गिळलं असतं. पण सात महिन्यांनी त्यांच्या कामाच्या पुस्तिकेत काकांचा चेहरा छापून आला, खाली त्या कार्यशाळेचं नाव. दोन निर्मात्यांनी आमचं ठरलेलं काम काढून त्यांना दिलं, कारण 'तो म्हातारा' त्यांनी केला होता. मी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. एका खेळानंतरच्या चर्चेत त्या कार्यशाळेचा प्रतिनिधी व्यासपीठावर होता. आत गेलेल्या गालाचा तुकडा किती पातळ ओतला, हे तो समजावून सांगत होता. मी मागच्या रांगेत होतो. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

काका उठले. "गालाला तुकडा नव्हता," ते म्हणाले. मग तिथेच, भरल्या सभागृहात, त्यांनी अर्धी कवळी काढून हातात धरली आणि बापाचं शेवटचं वाक्य म्हटलं. श्वास घेऊन, फसफसत्या 'स'सकट. कोणी हसलं नाही. त्यांनी कवळी बसवली, मागे वळून माझ्याकडे हात केला आणि आमच्या कार्यशाळेचं नाव दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी ११ क्रमांकाचं डोकं घेऊन त्या दोन्ही निर्मात्यांकडे गेलो. ठसा कवळीसह घेतलेला, त्यामुळे दोन्ही गाल भरलेले. त्यावर तुकडा घडवला असता तर तो बाहेर आला असता, आत नाही. हे समजायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. एकाने काम परत दिलं. दुसऱ्याने चहा दिला. पुस्तिकेतला फोटो पुढच्या आवृत्तीत नव्हता. माफी मात्र कोणी मागितली नाही, भागीदारानेही नाही, आणि ते मी विसरलेलो नाही.

मधली आठ वर्षं काम चालू राहिलं, उधारी फिटली, दोन मुली शिकून तयार झाल्या.

पुढच्या आठवड्यात मॅडमच्या सहाव्या चित्रपटासाठी काकांचा नवा ठसा घ्यायचा आहे. चेहरा बदललाय, ११ क्रमांक आता चालणार नाही. वरचे सगळे दात गेले आहेत. फोनवर त्यांनी विचारलं, कवळी ठेवू की काढू? मी म्हटलं, दोन ठसे घेऊ. खोलीत ४० आणि ४१ साठी जागा केली आहे. हात धरायला मीच बसणार आहे.