एक जूनची रांग

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती आणि तिथे मी तोंड उघडलं, हीच माझी चूक. विषय ३१ डिसेंबरच्या गेट-टुगेदरचा. पावभाजी की पुलाव, स्पीकर कुणाचा, मागच्या वर्षी उरलेले पैसे कुणाकडे आहेत हे सगळं नेहमीचं होऊन गेलं आणि मी आपलं सहज म्हटलं की दरवर्षी आपण खाली येतो, आपल्याच घरच्यांबरोबर एका टेबलावर बसून जेवतो, आपल्याच घरच्यांना हॅपी न्यू इयर म्हणतो आणि वर जातो, जरा ओळखी व्हायला पाहिजेत ना. झालं. सेक्रेटरी म्हणाले, "बरोब्बर बोललात ताई, मग ते आइसब्रेकरचं तेवढं तुम्हीच बघा." मीटिंगमध्ये सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात ती सूचना पडते हे या वयात तरी मला कळायला हवं होतं.

आमचा टॉवर घोडबंदर रोडला, अठ्ठावीस मजले. त्याआधी आम्ही नौपाड्यात दोन मजली बिल्डिंगमध्ये राहायचो, तिथे ओळख करून घ्यायची वेळच यायची नाही कारण शेजारच्यांकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या यावरून आज पाहुणे आलेत का तेसुद्धा कळायचं. इथे सहा वर्षं झाली तरी मला माणसं फ्लॅट नंबरने माहितीयेत. चौदाशे दोन म्हणजे स्वेटर घालून वॉकला जाणारे काका, नऊशे चार म्हणजे कायम पार्सल येतं ते. लिफ्टमध्ये सगळे वरच्या आकड्याकडे असे टक लावून बघतात की जणू दहावीचा रिझल्ट लागतोय, आणि ज्यांना तेही जमत नाही ते मोबाइल काढतात, जिथे रेंजचा एक दांडापण नसतो.

आणि हा आइसब्रेकर शब्द, म्हणजे अनोळखी माणसांना बोलतं करायचे खेळ. ठाण्यात बर्फ म्हणजे मासळी बाजारातल्या लाद्या नाहीतर तलावपाळीवरचा गोळा. आमच्याकडे बर्फ फोडला तर त्यावर निदान कालाखट्टा तरी ओततात. हे नुसतंच फोडायचं आणि मग माणसांनी एकमेकांकडे बघत उभं राहायचं, हे काही मला झेपत नव्हतं. पण घेतलंय अंगावर तर करू म्हणून रात्री बसून शोधाशोध केली, यादी केली, चिठ्ठ्या कापल्या, मुलीकडून मार्कर घेतले.

पहिला खेळ लावला दोन खऱ्या एक खोट्याचा. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातल्या दोन खऱ्या आणि एक थाप, बाकीच्यांनी थाप ओळखायची. सगळ्या जगात हा खेळ चालतो म्हणे. आमच्याकडे पहिल्यांदा माइक गेला बाविसाव्या मजल्यावरच्या एका काकूंकडे, त्या म्हणाल्या "मी खोटं कशाला बोलू?" आणि माइक पुढे दिला. पुढच्यांनी नाव, गाव आणि कंपनी सांगितली, तिन्ही खरं. तिसऱ्या गृहस्थांनी मात्र नियम नीट समजून घेऊन खेळ खेळला, ते म्हणाले, मला पोहता येतं, मी कोल्हापूरचा आहे आणि मी मेंटेनन्स वेळेवर भरतो. सगळा हॉल एका आवाजात "तिसरं!" असा ओरडला. हशा झाला खरा पण त्यानंतर त्यांच्या मिसेसच्या चेहऱ्याकडे बघून चौथा माणूस माइक घेईना.

मग 'मी कोण' लावला. पाठीवर प्रसिद्ध माणसाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, आपल्याला दिसत नाही, इतरांना हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारत फिरायचं. हा बरा चालला, लोक उठून फिरले तरी. एका काकांच्या पाठीवर लता मंगेशकर होतं आणि त्यांनी भेटेल त्याला पहिला प्रश्न हाच विचारला की "मी आहे का अजून?" त्या वयाच्या माणसाने गंभीर चेहऱ्याने हे विचारल्यावर समोरच्याने काय सांगायचं. दोघं-तिघं नुसते त्यांच्या हातावर थोपटून पुढे गेले.

इथेच मला जरा कळायला लागलं की गडबड कुठे आहे. आपल्या माणसाला माइक देऊन स्वतःबद्दल सांगा म्हटलं की तो आणखी गोठतो. त्याला कुणीतरी काहीतरी करायला द्या, हाताला काम द्या, आणि बोलणं हे त्या कामाच्या नादात आपोआप सांडू द्या. नवऱ्याच्या ऐरोलीच्या ऑफिसात एकदा तो स्पॅगेटीचा खेळ झाला होता. न शिजवलेल्या वीस काड्या, गजभर चिकटपट्टी, तेवढीच दोरी आणि एक मार्शमॅलो, म्हणजे ती गोड लुसलुशीत गोळी, अठरा मिनिटांत जमेल तेवढा उंच मनोरा करायचा आणि मार्शमॅलो टोकावर ठेवायचा. ह्यात म्हणे एमबीएवाल्यांपेक्षा बालवाडीची पोरं भारी ठरतात, कारण मोठे अर्धा वेळ टीम लीडर कोण यात घालवतात आणि मार्शमॅलो अगदी शेवटी ठेवतात, तेव्हा सगळं कोसळतं, पोरं आधीपासून ठेवून बघत असतात. नवऱ्याचा मनोरा पडलाच. पण पडताना ज्या माणसाने तो दोन्ही हातांनी धरला त्याच्याबरोबर हा आजतागायत डबा खातो, त्याआधी तीन वर्षं शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसून दोघांत फक्त मेल चालायच्या.

आणि हे काही बाहेरून शिकायला नको होतं. आपल्या लग्नातले सगळे खेळ बघा ना. हळदीच्या पाण्यातून अंगठी शोधायची, विड्याचं पान दोघांनी दोन टोकांनी तोडायचं, सुपारी खेळायची. आज ते फोटोसाठी करतात आणि फोटोग्राफर तीनदा करायला लावतो, पण मुळात ते काय होतं? ज्यांनी एकमेकांना धड बघितलंही नाही अशा दोन घाबरलेल्या पोरांना एकत्र बसवून त्यांच्या हाताला लावलेलं काम. माझ्या आजीचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. ती सांगायची की मुठीत सुपारी गच्च धरून बसले होते, त्यांनी एका हाताने मूठ उघडायची होती. अंतरपाटापासून सगळा वेळ मान खाली, त्यामुळे चेहरा काही तिने बघितलेला नव्हता, पहिल्यांदा बघितला तो हात, अंगठ्याच्या नखाखाली शाई. एवढं खेचून पण उघडेना तेव्हा ते हळूच म्हणाले "सोड की गं, लोक हसतायत." हे आजोबांचं तिच्याशी पहिलं वाक्य. तिने काय सोडली नाही.

आता कुणी विद्वान माणूस म्हणेल की स्वतःबद्दल बोलल्यानेच जवळीक होते, आणि ते काही खोटं नाही, आर्थर ॲरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली अनोळखी लोकांच्या जोड्या लावून त्यांना ३६ प्रश्न दिले होते, साध्या प्रश्नांपासून हळूहळू आतल्या गोष्टींपर्यंत नेणारे, आणि पाऊण तासात त्या लोकांना एकमेकांबद्दल खरोखर जवळचं वाटायला लागलं. पण तिथे दोनच माणसं समोरासमोर बसली होती. तिथे माइक नव्हता, मागे पावभाजीचा तवा वाजत नव्हता आणि "आई शू" म्हणत कुणाचं पोरगं साडी ओढत नव्हतं.

तर मी यादी बाजूला ठेवली आणि शेवटचा पत्ता काढला. मुकी रांग. सगळ्यांनी वाढदिवसाप्रमाणे एका ओळीत उभं राहायचं, जानेवारी स्टेजकडे, डिसेंबर दाराकडे, साल नको, फक्त तारीख आणि महिना, आणि अट एकच की तोंडातून शब्द काढायचा नाही. बोटं दाखवा, खुणा करा, काय वाटेल ते करा.

पहिलं मिनिटभर काही नाही. मग त्या स्वेटरवाल्या काकांनी एक बोट दाखवलं आणि मग सहा, आणि रांगेच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. त्यांच्यासमोर सातशे एकचे काका आले, त्यांनी पण एक बोट, मग सहा. स्वेटरवाल्या काकांना वाटलं हे आपली नक्कल करतायत, त्यांनी मान हलवून परत एक आणि सहा करून दाखवलं, समोरच्यांनी छातीवर हात ठेवून परत एक आणि सहा. एवढ्यात तिसरे आले. एक, सहा. मग मेंटेनन्सवाले कोल्हापूरकर, तेही एक आणि सहा, आणि मग ज्या काकू खोटं बोलत नाहीत म्हणाल्या होत्या त्या पदर सावरत आल्या आणि लाजत एक बोट वर केलं. पाच जण क्षणभर एकमेकांकडे नुसते बघत राहिले आणि मग जे काही फुटले, नियमबियम सगळे गेले उडत.

एक जून! ज्यांच्या घरात साठीच्या पुढची माणसं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. घरी बाळंतपण, जन्माचा दाखला कुठला असायला. जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदाच मुळी १९६९ चा, तोही खेड्यापाड्यात रुजायला पुढे किती वर्षं गेली. पोराला शाळेत नेलं की गुरुजी बघणार डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येतो का, आला की पोरगं शाळेच्या वयाचं, शाळा जूनमध्ये, मग हिशेबाला सोपी म्हणून एक जून ठोकून मोकळे. अख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी. तेवीस माणसं एका खोलीत असली की त्यातल्या कुणा दोघांचा तरी वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, चाळीस माणसांत तर नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते, हे मला इंजिनियर लेकीने सांगितलं. पण ते गणित तारखा आपापल्या पडल्या तर. आमच्या गुरुजींनी शक्यतेवर काही सोडलंच नव्हतं.

मग काय, ती रांग मोडून पाच जणांचा घोळका झाला आणि त्याभोवती बाकीचे. सातशे एकचे काका म्हणाले आम्ही तीन भाऊ, तिघेही एक जूनचे, मधे बरोब्बर दोन-दोन वर्षं, आईला आयुष्यभर लोक विचारायचे की बाई कसं जमवलंस. दुसरे सरकारी नोकरीतले, त्यांनी सांगितलं की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, त्यामुळे ३१ मे म्हटलं की आमच्या ऑफिसात नारळ आणि शालीच नुसत्या, एका हॉलमध्ये सात जणांचे निरोप समारंभ, भाषण एकच, फक्त नाव बदलायचं. मी विचारलं, मग खरी तारीख कुठली? तर कुणालाच नव्हती माहीत. काकूंची आई म्हणायची की आषाढीच्या आदल्या दिवशी, वारीला गेलेला आजोबा परत यायचा होता. आणि कोल्हापूरकर म्हणाले, "आमची म्हैस व्याली त्याच रात्री मी झालो. आमच्या अण्णांना म्हशीचं वार, तिथी, वेळ सगळं पाठ होतं. माझं विचारलं की म्हणायचे, तेव्हाच की रे, म्हशीबरोबर." ह्यावर मिसेससुद्धा हसल्या, मेंटेनन्सनंतर पहिल्यांदाच.

माइक कुणी मागितला नाही. पावभाजी गार होईल म्हणून सेक्रेटरी दोनदा येऊन सांगून गेले, कुणी हललं नाही. पंचवीस-तिशीतली पोरं, ज्यांच्याकडे हॉस्पिटलचा रीतसर दाखला आहे, ती बिचारी आपापल्या अचूक तारखा घेऊन रांगेत तशीच उभी होती.

जेवणानंतर तंबोला झाला, तो तर हवाच, त्याशिवाय सोसायटीचा कार्यक्रम झाला असं कुणाला वाटत नाही. मला स्वतःला तंबोला ओळखीच्या दृष्टीने कुचकामी वाटतो. चाळीस माणसं चाळीस तिकिटांत डोकं घालून बसतात, प्रत्येकाचे पंधरा आकडे, शेजारच्याशी बोलावं तर आकडा चुकतो. बावीसला दोन बदकं, अठ्ठ्याऐंशीला दोन जाड्या बायका म्हणायची पद्धत आहे, ती दोन जाड्या बायकांवर कुणीतरी हरकत घेतली, थोडं वाजलं, मग फुल हाऊस दोघांना विभागून. भेंड्या यापेक्षा कितीतरी बऱ्या, तिथे निदान ळ आला तर ल घ्यायचा की नाही यावरून भांडण होतं, आणि मनापासून भांडलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांना ओळखतात तरी. पण बारा वाजत आले होते.

ह्याला आता बरेच महिने झाले. एक जूनला खाली लॉबीत एकच केक आला, त्यावर नाव कुणाचंच नाही, फक्त "१ जून", आणि पाच जणांनी एक सुरी धरली. बाहेर पाऊस नव्हता, घाम होता.

परवा सकाळी मी लिफ्टमध्ये शिरले तर स्वेटरवाले काका आधीपासून आत. मधे कुणी नवीन भाडेकरू, कानात हेडफोन, नजर आकड्यांवर. काकांच्या एका हातात दुधाच्या पिशव्या, त्यामुळे सहा बोटं एकदम दाखवता येईनात. त्यांनी माझ्याकडे बघून एक बोट दाखवलं, मग पंजा, मग परत एक बोट. मीही एक, पंजा, एक. भाडेकरूने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मोबाइल काढला.