ग्रॅच्युइटी: आदेशापासून पैशांपर्यंत

"बाई, शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते." निवृत्त झाल्यावर संस्थेच्या कार्यालयात मला एवढंच सांगितलं, तेही तोंडी. विनाअनुदानित प्राथमिक शाळेत मी अठरा वर्षं दहा महिने शिकवलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या बरोबरीच्या काही जणी अजून तिथेच नोकरी करतात.

ही समजूत एके काळी खरी होती. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. मग संसदेने २००९ मध्ये ती व्याख्या बदलली आणि बदल ३ एप्रिल १९९७ पासूनच लागू केला. खासगी शाळा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २९ ऑगस्ट २०२२ रोजी हरल्या. मी निवृत्त झाले ती त्यानंतर. तरीही कार्यालयात उत्तर २००४ सालचंच मिळत होतं. कायद्याचा सारांश कर्मचाऱ्यांना समजेल अशा भाषेत दर्शनी भागी लावायचा, असा नियमच होता. आमच्या शाळेत सुविचाराचा फळा रोज लिहिला जायचा, हा सारांश मात्र मी कधी पाहिला नाही.

हिशोब अवघड नाही. तेव्हाच्या कायद्यात शेवटचा पगार, म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्तीचे महिने पूर्ण वर्ष धरतात. माझा पगार १८,२०० रुपये होता, वर्षं १९ धरली गेली आणि रक्कम झाली १,९९,५००. ती तीस दिवसांत द्यायची जबाबदारी मालकाची. कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही तरी हिशोब करून कळवायचं त्यानेच. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. प्रत्यक्षात पुढची प्रत्येक पायरी मला चढावी लागली.

नमुना 'आय'मधला अर्ज मी संस्थेला रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. मग नमुना 'एन' भरून जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार न्यायालयात गेले. तिथे संस्थेने शिक्षक-कर्मचारी हा मुद्दा सोडून दिला आणि 'ब्रेक' पुढे केला. विनाअनुदानित शाळेत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको. दर वर्षी ३० एप्रिलच्या तारखेचा राजीनामा लिहून घ्यायचा आणि जूनमध्ये नवी ऑर्डर हातात ठेवायची. संस्थेचं म्हणणं असं की प्रत्येक वर्षी नोकरी नव्याने सुरू झाली, त्यामुळे ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षं कधी भरलीच नाहीत.

हा मुद्दा मोडला तो शाळेच्या १ मेच्या निकालाने. महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं की आपल्याकडे मुलांना प्रगतिपुस्तकं वाटतात. ३० एप्रिलला राजीनामा दिलेल्या बाईची सही १ मेच्या प्रगतिपुस्तकावर कशी? मी जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी गेले. कुणाच्या आईने ती ट्रंकेत जपून ठेवली होती, कुणी लॅमिनेशन करून. वेगवेगळ्या वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि पगार जमा झाल्याचं पासबुक असं सगळं दाखल केलं. ब्रेक फक्त कागदावर होता हे न्यायालयाने मान्य केलं. मूळ रक्कम आणि तीस दिवस उलटल्यापासून दहा टक्के सरळ व्याज, असा आदेश झाला. त्या पालकांचे उपकार मी विसरणार नाही.

आता पैसे येतील असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. संस्थेने अपील केलं नाही, कारण अपिलासाठी आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. आणि पैसेही दिले नाहीत. ग्रॅच्युइटी न देणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैदेची शिक्षा १९७२च्या कायद्यात होती. पण तो खटला मी स्वतः भरू शकत नव्हते, तक्रार सरकारच्या अधिकारातूनच व्हावी लागायची. मी लेखी विनंती केली. त्यावर काही हालचाल झाल्याचं मला कळलं नाही.

उरला वसुलीचा रस्ता. नमुना 'टी'मधला अर्ज दिला की आदेश देणारे प्राधिकारी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली दाखला काढतात आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, चक्रवाढ व्याजासह वसूल करायची असते. वाचायला हे फार जबरदस्त वाटतं. दाखला जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला आला आणि तिथे थांबला. "साहेब मीटिंगला गेलेत", "टेबल बदललंय", "मार्चएंड होऊ द्या". अव्वल कारकून वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे गौण खनिजाची, शेतसाऱ्याची वसुली होती आणि तिचं उद्दिष्ट वरून आलेलं होतं. एका शिक्षिकेच्या दाखल्याबद्दल त्याला वरून कुणी विचारत नव्हतं.

माहिती अधिकारात मी एकच विचारलं: दाखल्यावर आजपर्यंत काय कार्यवाही केली? उत्तर आलं, तलाठ्यांचा अहवाल आला आहे, संस्थेच्या नावे स्थावर मालमत्ता आढळून येत नाही. ज्या इमारतीत मी इतकी वर्षं शिकवलं, ती कुणाची होती मग?

इथे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला वाट दाखवली आणि हे मला प्रत्येकीला सांगायचं आहे. शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर तिची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. तिथून 'शेड्यूल वन'चा नक्कल उतारा मिळतो आणि त्यात स्थावर मालमत्तेची नोंद असते. आमच्या संस्थेची जमीन गट क्रमांकासह त्यात होती. त्या गटाचा सातबारा काढला, संस्थेचं बँक खातं माझ्या जुन्या पगाराच्या चेकवरून लिहून घेतलं आणि सगळं अर्जासोबत तहसीलदारांना दिलं. तलाठी भाऊसाहेबांनाही एक प्रत दिली. मग मात्र मागणीची नोटीस निघाली आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढला. संस्थेला नव्या इमारतीसाठी कर्ज हवं होतं, बँकेला कोरा सातबारा हवा होता. ज्या रकमेसाठी मी इतकी दारं झिजवली, ती थोड्याच दिवसांत सरळ व्याजासह भरली गेली.

मला राग याचा येतो की यातलं काहीच गुप्त नव्हतं. संस्थेची जमीन सरकारच्याच दोन कार्यालयांच्या दप्तरात लिहिलेली होती, आणि एका दप्तरातला कागद दुसऱ्या दप्तरात न्यायला साठीतली बाई लागली. माझ्याकडे वेळ होता, मुलगा कमावता होता. शाळेतल्या सेविका मावशींनाही हाच हक्क आहे. त्यांनी आदेशापर्यंत तरी कसं पोचायचं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७२च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. मुदतीच्या नेमणुकीवरच्यांना तिच्यात पाच वर्षांची अट नाही. चांगली तरतूद आहे. पण दरवर्षीचे राजीनामे कोण तपासणार आणि वसुली दाखल्यांचा आढावा दर महिन्याला कोण घेणार, हे ठरल्याशिवाय ती आमच्यापर्यंत पोचायची नाही.

ज्या जणी नोकरीत आहेत त्यांनी प्रत्येक ऑर्डरची झेरॉक्स घरी ठेवावी. राजीनामा लिहून घेतला तर त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. पासबुक भरून घ्यावं, जुनं फेकू नये. अर्जाची मुदत उलटली म्हणून घाबरू नये, उशिराचं कारण योग्य असेल तर अर्ज घेतात.

चक्रवाढ व्याजाचा फरक मला अजून यायचा आहे. त्याचा अर्ज तहसीलमध्ये दिला आहे आणि पोच घेतली आहे.