वाऱ्यावर चालणारा हापसा

नामिबियाची राजधानी विंडहोक. तिथून दक्षिणेला मारिएन्टालपर्यंत अडीचशेहून जास्त किलोमीटर सरळ डांबरी रस्ता आहे. तिथून पश्चिमेला वळलं की माल्टाहोहे, आणि माल्टाहोहेनंतर डांबर संपतं. पुढे नुसती खडी. वाटेत लागणारं प्रत्येक फाटक उतरून उघडायचं आणि गाडी आत घेतली की पुन्हा लावायचं, हा इथला पहिला नियम, कारण पलीकडे कुणाची तरी मेंढरं असतात. पाचवं फाटक उघडलं तेव्हा लांब पवनचक्की दिसली. आपल्या साताऱ्याच्या डोंगरावर वीज करणाऱ्या आहेत तसली नव्हे. लोखंडी मनोरा, वर पत्र्याच्या पात्यांचं चाक, मागे शेपटी आणि खाली सिमेंटचा गोल हौद. बाकी नजर पोचेल तिथवर पिवळं खुरटं गवत, काळे दगडी माळ, आणि त्यापलीकडे नामिबचं वाळवंट.

नामिबियात राहायला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. पर्यटक येतात ते सोसुसव्लेईच्या वाळूच्या लाल टेकड्या बघून, फोटो काढून परत जातात. टेकड्या सुंदर आहेतच, पण माझा जीव रमला तो वाळवंटाच्या काठच्या या शेतावर. मी माण तालुक्यातली, म्हसवडजवळची. पाण्याचं बोलणं कानावर आलं की मी तिथंच बसकण मारते.

मालक सत्तरीचे. अफ्रिकान्स, म्हणजे डचमधून निघालेली इथल्या गोऱ्यांची भाषा, बोलणारं हे घर, इथली चौथी पिढी. वडीलधाऱ्या माणसाला अफ्रिकान्समध्ये 'ओम' म्हणतात आणि बाईला 'तान्नी', म्हणजे आपले काका-काकू. ओळख असो-नसो, नावानं हाक मारायची नाही. मला ते पहिल्या मिनिटालाच आवडलं.

पाहुण्यांच्या तीन खोल्या म्हणजे पूर्वीचा काराकुल मेंढ्यांचा गोठा. मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडची ही जात १९०७ साली, इथे जर्मनांचं राज्य असताना, त्यांनी आणली. एक-दोन दिवसांच्या कोकराचं कुरळं काळं कातडं युरोपात कोटांसाठी जायचं. त्यावर या भागात घरं उभी राहिली, पोरं शिकली. ऐकताना पोटात कालवलं, पण ओमनी काही झाकलं नाही. १९८०च्या दशकात भाव कोसळले, त्यातच दुष्काळ पडला आणि धंदा बसला. मग त्यांनी मटणासाठी डॉर्पर मेंढ्या घेतल्या. त्यांची लोकर आपोआप गळते, कातरायला लागत नाही. पण एका मेंढीला पाच-सहा हेक्टर रान लागतं, ओम म्हणाले. मी दोनदा विचारून खात्री केली. नुसत्या मेंढ्यांवर घर चालेना, म्हणून तान्नींनी गोठा झाडून, चुना देऊन त्यात खाटा टाकल्या.

न्हाणीत पाटी आहे: आंघोळीचं पाणी डाळिंबांना जातं, साबण जपून. गरम पाणी परसातल्या लाकडावरच्या बॉयलरचं. त्याला इथे 'डाँकी' म्हणतात. मी बघितलं, आणि मला आमच्या आजीचा बंबच दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदात पाणी पडेना. वारा होता, चाक फिरत होतं, पण नळी कोरडी. ओम आणि त्यांच्याकडे तीस वर्षं असलेले नामा जमातीचे मेंढपाळ काम करायला निघाले, मीही मागे गेले. वरचं चाक फिरलं की गिअर एक सळई वर-खाली करतो. ती सळई बोअरच्या नळीतून खोल उतरते आणि तळाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या हलवते. कप्पी लावून दोघांनी एकेक सळई वर काढली, शेवटी दट्ट्या आला. त्याच्यावरचा चामड्याचा वायसर झिजून कागदासारखा झाला होता. मी जोरात म्हणाले, "अहो, हा तर हापसा!" मराठीतच म्हणाले. आमच्या गावात हापसा बिघडला की वडील हाच वायसर बदलायचे, आणि आम्ही पोरं हंडे घेऊन भोवती उभी असायचो. इथे दांडा हापसणारा माणूस नाही, त्याच्या जागी वारा आहे, एवढाच फरक. नवा वायसर बसवून सळया पुन्हा सोडल्या. बऱ्याच वेळानं नळीनं खाकरल्यासारखं केलं, आधी गढूळ चूळ टाकली आणि मग नितळ पाणी आलं. नामा काकांनी पहिली ओंजळ मला प्यायला लावली. किंचित मचूळ होतं.

या काकांच्या बाबतीत एक लिहिलंच पाहिजे. ज्या रानाला ओम चार पिढ्यांचं म्हणतात, ते त्याआधी नामा लोकांचं होतं. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, जमिनी घेतल्या. जर्मनांशी लढताना १९०५ साली पडलेले नामा पुढारी हेन्ड्रिक विटबोई आज इथल्या नोटांवर आहेत. १९९०ला देश स्वतंत्र झाला, तरी मोठी शेतं बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडेच राहिली. ओम-तान्नींनी आम्हाला घरच्यासारखं वागवलं आणि मी पुन्हा जाणार आहे. पण सळई दोघं ओढतात आणि सातबारा एकाच्या नावावर, हे मला टोचलं.

संध्याकाळी निखाऱ्यांवर तान्नींनी 'रोस्टरकूक' म्हणजे जाळीवरचे पाव भाजले. मी विंडहोकहून महांगूचं पीठ नेलं होतं. महांगू म्हणजे आपली बाजरी, उत्तर नामिबियाचं रोजचं अन्न. त्याच जाळीवर तवा ठेवून भाकऱ्या थापल्या. नामा काकांनी दोन खाल्ल्या आणि तिसरी फडक्यात बांधून घरी नेली.

रात्री कडाक्याची थंडी, आणि आकाशगंगा इतकी लख्ख की लेक बोलायचीच थांबली. तान्नींनी आतून वह्यांचा गठ्ठा आणला. ओसरीच्या खांबाला पर्जन्यमापक आहे. सासूबाईंच्या वेळेपासून पडलेला प्रत्येक थेंब तारखेनिशी लिहिलेला. इथे वर्षाला दीडशे मिलिमीटर पडला तर चांगलं, वाळूच्या बाजूला शंभरच्याही खाली. आमच्या माणात चारशे-पाचशे पडतो आणि आम्ही दुष्काळी. २०१९चं पान जवळजवळ कोरं होतं. त्या वर्षी देशात दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर झाली होती. मी त्यांना २०१३ची म्हसवडची चारा छावणी सांगितली, माणसं जनावरांच्या शेजारी ताडपत्रीखाली कशी महिने-महिने राहिली ते. तान्नींनी वही मिटली नाही. त्या कोऱ्या पानावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

फेब्रुवारीत त्यांचा फोटो आला: पर्जन्यमापक, आत अकरा मिलिमीटर. मी तो वडिलांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन, "चारा किती दिवसांत उगवतो, विचार त्यांना."

विचारलं. तान्नींनी लिहिलं, आठवड्यात हिरवं दिसेल, पण मेंढ्या इतक्यात सोडणार नाही, आधी बी धरू दे.

वडील म्हणाले, "बरोबर आहे बाईचं."