उशिराचे 50 रुपये

संध्याकाळी सातनंतर मूल राहिलं तर दर पंधरा मिनिटांना 50 रुपये घे, म्हणून माझी जाऊ मागे लागली आहे. डोंबिवलीतल्या माझ्या पाळणाघरात मी असा दंड लावणार नाही.

इस्रायलमधल्या हायफा शहरात हे करून झालंय. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी 10 पाळणाघरं अभ्यासली. त्यांतल्या 6 ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की 10 शेकेल दंड लावला. उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले! दंड काढला तरी आकडा खाली आला नाही. त्यांचा निबंध 2000 साली छापून आला. मला हे पटतं. पैसे भरले की ओशाळायचं कारण उरत नाही.

आमच्याकडे लोकल अडकली की फोन येतो, "काकू, गाडी मुंब्र्याला उभी आहे हो." मग राहिलेल्या पोराला मी स्वयंपाकघरात घेते, हातात कणकेचा गोळा देते. तो दरवेळी सापच करतो. बेल वाजली की पिठाच्या हातांनीच दाराकडे धावतो.

पण मदतीला येणाऱ्या मावशींचा वेळ फुकट नाही, त्यांचीही लेकरं घरी वाट बघत असतात. म्हणून जूनपासून साडेसातपर्यंतची वेळ सगळ्यांच्याच महिन्याच्या फीत धरणार आहे, आणि ते जास्तीचे पैसे मावशींचे. त्यापुढेही कोणी अडकलं तर फोन तेवढा करा. न कळवता उशीर करणाऱ्यांशी मी समोर बसून बोलेन.