हर्णैच्या लिलावातला एक फोटो

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव सुरू झाला की होड्यांवरची मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते आणि त्या गलबल्यात कॅमेऱ्याकडे कुणाचे लक्ष नसते. तीन वर्षांपूर्वी तिथे मी लांबून एका मावशींचा फोटो काढला. रिकाम्या पाट्यांच्या आडोशाला बसून त्या नोटा मोजत होत्या. ओठ हलत होते. चार नोटांची घडी करून त्यांनी ती पदराआडच्या छोट्या पिशवीत वेगळी ठेवली, तेवढ्यात मी बटण दाबले. त्याच रात्री फोटो फेसबुकवर टाकला आणि त्याचे पुष्कळ कौतुक झाले.

पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी मोठी प्रत घेऊन गेलो. त्या बराच वेळ फोटोतल्या पिशवीकडेच पाहत राहिल्या. "पोराच्या मोबाइलवर आलेला हा. ज्याच्यापासून लपवत होते, त्यालाच दाखवलास." मुलगा पितो. नातीच्या शाळेसाठी साठवलेले ते पैसे त्याने त्याच आठवड्यात काढून नेले होते. प्रत त्यांनी घेतली नाही. मी तो फोटो काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे पोहोचला होता, हे कळायला मार्ग नव्हता.

परवानगी मागितली की माणूस सावरून बसतो आणि टिपायचे तेच निसटते, हे मला आजही खरे वाटते. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले; मात्र त्यांचे पुस्तक निघाले ते १९६६ मध्ये. माझ्या फोटोला एक रात्रही थांबावे लागले नाही.

उघड्यावर बसलेल्या माणसाचा फोटो काढायला हरकत कसली, असेही मी म्हणत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि केवळ सार्वजनिक ठिकाणी असल्याने माणसाचा खासगीपणा संपत नाही, असेही त्या निकालपत्रात म्हटले आहे. मावशींना भिंत नव्हती, म्हणून त्यांनी पाट्यांचा आडोसा केला होता, आणि माझ्या लेन्सने तो ओलांडला.

आता फोटो न सांगता काढला, तरी किनारा सोडण्यापूर्वी त्या माणसाला तो दाखवतो आणि कुठे टाकणार तेही सांगतो. गेल्या महिन्यात मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या एका आजोबांनी दोन्ही फोटो नीट न्याहाळले आणि म्हणाले, "हातांचो ऱ्हवांदे, तोंडाचो नको." चेहऱ्याचा फोटो अधिक चांगला होता. तो मी त्यांच्यासमोर पुसला.