पाण्यात बाराच व्होल्ट: आमची वाटचाल

आम्ही मुळात रोपवाटिकावाले. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची जी रांग लागते, तिथली एक आमची. झाडं न्यायला येणारी मंडळी आधी कमळाची कुंडं मागू लागली, मग कुंडात छोटं कारंजं, मग पाण्याखाली दिवे. मागणीमागून धंदा वाढला आणि मातीतली माणसं विजेच्या कामात शिरली.

बाजारातले बहुतेक छोटे पंप 230 व्होल्टचे. सील शाबूत आहे तोवर काही होत नाही. ते झिजलं किंवा केबल उंदरानं कुरतडली की वीज पाण्यात. त्याच पाण्यात घरातली पोरं हात घालतात, माळीदादा शेवाळ काढायला उतरतात. म्हणून आम्ही ठरवलं की हात पोचेल त्या पाण्यात 12 व्होल्टच्या वर काही सोडायचं नाही. मोठं कारंजं असेल तर पंप पाण्याबाहेर, कोरड्या चेंबरमध्ये.

नुसतं 12 व्होल्ट म्हणून भागत नाही. ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनचाच हवा, म्हणजे घरची वीज आणि पाण्याकडची वीज यांची गुंडाळी वेगवेगळी. ऑटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजूंना एकच गुंडाळी असते. एक तार तुटली की पाण्यात थेट 230. स्वस्तात मिळतो म्हणून तो बसवा असं सुचवणारे भेटतात. अशी कामं आम्ही सोडून दिली आणि त्याचं वाईट वाटत नाही. वायरमन मंडळींशी वाद होतो तो अर्थिंगवरून. सगळं अर्थ करायची त्यांची सवय चांगलीच, पण ही 12 व्होल्टची बाजू मुद्दाम मोकळी ठेवायची असते, नाहीतर घरातला दोष अर्थच्या तारेतून कुंडापर्यंत येऊ शकतो. घराच्या बाजूला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, मात्र पाहिजेच. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा नेहमीचा स्विच, अशी गळती ओळखत नाही.

कमी व्होल्टेजची किंमत तारेत मोजावी लागते. 50 वॉटचा पंप 230 वर पाव अँपिअरही घेत नाही, 12 वर चार अँपिअरच्या वर घेतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेनं 20 मीटर नेलं तर दोनेक व्होल्ट वाटेतच जातात, धार बसते, दिवे पिवळट पडतात. आम्ही चार चौरसची तार घालतो. कोटेशन पाहून गिऱ्हाईक तारेवरच घासाघीस करतं, तिथे आम्ही हटत नाही.

खरी परीक्षा जॉइंटची. काळी टेप गुंडाळलेला जॉइंट पाण्यात टिकत नाही. पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून आवरणाच्या आतल्या आत चढतं आणि पार लांबच्या बॉक्समध्ये हिरवा गंज दिसतो. त्यामुळे पाण्यात जॉइंट द्यायचाच नाही, दिव्याची केबल अखंड बाहेर आणायची. बाहेरचा जॉइंट क्रिंप करून, म्हणजे तारा धातूच्या नळीत घालून दाबून, त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब तापवून बसवायची. कडेनं गोंदाचा थेंब बाहेर आला, तरच तो जॉइंट पास.

रोपवाटिकेत झाडांच्या मागेच आता आमचं छोटं वर्कशॉप आहे. प्रत्येक दिवा बादलीत रात्रभर बुडवून, सकाळी मेगर, म्हणजे आवरणातून वीज गळते का ते पाहणारं यंत्र, लावूनच पाठवतो. काम सोपवताना घरच्यांकडून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून घेतो. महिन्यातून एकदा दाबा, एवढंच त्यांच्याकडून मागतो. पावसाळ्याआधी आमची माणसं सगळ्या जुन्या कुंडांवर फेरी मारतात. बॉक्स उघडतात, मुंग्या काढतात, केबल बॉक्समध्ये शिरते तिथली ग्लँड आवळतात. यंदाची फेरी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल.